फटका की चूक

दोन बोटं वर करून भाईजान म्हणायचे, "थांबा, आधी ठरवू द्या." एकदा आमच्या ह्यांनी माझ्या हातात बशी दिली आणि ती फुटली. आम्ही एकमेकांवर ढकलतोय, तोवर शेजारच्या दारातून ती दोन बोटं वर. "भाभी, चूक तुमची नाही. देणाऱ्याने आधी सोडली."

भाईजान रत्नागिरीकडचेच, आमच्यासारखे. कुवेतला अहमदी ह्या तेलाच्या गावात आम्ही शेजारी; ते अमेरिकन साहेबांच्या कंपनीचं गोदाम सांभाळायचे. ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. बायको गावाला, दोन वर्षांनी एकदा भेट. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, खोली इतकी नीटनेटकी की बघून वाईट वाटावं.

शुक्रवारी नमाज झाली की ते बेसबॉलच्या मैदानावर. मैदान कसलं, वाळू उडू नये म्हणून तेल शिंपडलेली जमीन. तिथे ते वहीत खेळाचा हिशोब मांडायचे. मारलेला चेंडू पकडणाऱ्याच्या हातून निसटला, तर तो मारणाऱ्याचा फटका की पकडणाऱ्याची चूक, हे भाईजान ठरवणार. आणि साहेबलोक ऐकायचे, ह्याचं मला भारी नवल.

त्यांतला एक उंच साहेब खेळ संपला की भाईजानकडे जेवायला यायचा. कोलंबीचं कालवण खाताना नाकाडोळ्यांतून पाणी, तरी ताट पुढे करायचा. त्या खोलीतून हसणं ऐकू यायचं ते तेवढंच.

मग क्लबात ठरलं, आजवरच्या सगळ्यांत उत्तम खेळाडूची तसबीर भिंतीवर लावायची. उंच साहेब की दुसरा एक, ह्यावर एकमत होईना. म्हणाले, भाईजानची वही सांगेल तसं.

आदल्या संध्याकाळी भाईजान वही घेऊन आमच्याकडे आले. काही फटक्यांपुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका होता.

"भाभी, ह्या खरं तर पकडणाऱ्यांच्या चुका. मी उंच साहेबाच्या फटक्यांत धरल्या."

"कशाला पण?"

"फटके जास्त झाले की तो खुशीत जेवायचा."

"मग ठिपके खोडा की. कोणाला कळतंय?"

"त्या दुसऱ्याचे खरे फटके जास्त आहेत. माझ्याकडे कधी जेवला नाही, एवढाच त्याचा गुन्हा."

सकाळी त्यांनी क्लबात सगळं सांगितलं. तसबीर दुसऱ्याची लागली, आणि वहीही भाईजानकडून काढून घेतली. पुढच्या शुक्रवारी उंच साहेब आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभराने कळलं, बदली होऊन देशाबाहेर गेला. जाताना भेटला नाही.

भाईजान आमच्या दारात उभे राहिले. "भाभी, बरोबर केलं ना मी?"

"बरोबरच केलंत."

"तेवढं मला ठरवता आलं. आता शुक्रवारचं काय करू, ते सांगा."

मी म्हटलं, आमच्याकडे जेवायला या. आले चार-पाच शुक्रवार. मान खाली घालून जेवायचे, "छान झालंय भाभी" म्हणायचे आणि उठायचे. पुढे त्यांनी गोदामात शुक्रवारचीही ड्यूटी मागून घेतली.