न्हाणीतला धूर

सावित्रीच्या न्हाणीतली चूल पावसाळ्यात पेटायची ती प्लास्टिकच्या पिशवीवर. लाकूड ओलं, नारळाची सोडणं ओली. पण खाली पिशवी पेटवली की मुकाट धरायची. सगळ्या वाडीचीच ही रीत. मासळीच्या धंद्यात पिशव्या ढिगाने, त्या टाकायच्या तरी कुठे? नवऱ्याला, हरिश्चंद्रला, दमा. बोटीवरची खलाशाची नोकरी त्यानेच सुटली. कढत पाण्याने आंघोळ केली की छाती मोकळी होते म्हणायचा, म्हणून सावित्री रोज उठल्याबरोबर ती चूल फुंकत बसायची.

मग घरोघरी आरोग्याची चौकशी करणारी आशाताई दर्शना येऊन पंचायतीचा नियम सांगून गेली, की प्लास्टिक जाळलं तर दंड. दंडाला सावित्रीने भीक घातली नसती. पण जाता जाता दर्शना म्हणाली की काकांचा दमा बळावतोय तो या धुरानेच. हे नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने सांगितलं नाही. गुपचूप पिशव्या पोत्यात भरू लागली आणि ओल्या सोडणांशी झटू लागली.

नियम वाडीपर्यंत चढून आला, घंटागाडी मात्र खाली डांबरी रस्त्यावरच थांबायची. पावसात आली तर आली. सावित्री सुक्या मासळीच्या पाटीबरोबर पोतंही खाली नेऊन ठेवायची आणि पालीच्या बाजारातून परतताना बहुतेक वेळा तेच पोतं पुन्हा वर आणायची. जीव अगदी विटला होता. एका सकाळी अंगात त्राणच नव्हतं, तेव्हा पोतं पडवीतच राहिलं.

संध्याकाळी पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना तिला न्हाणीवर काळा धूर दिसला. आत हरिश्चंद्र चुलीपुढे बसला होता, शेजारी पडवीतलं पोतं उघडं. डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून बेजार, आणि तरी चेहरा खूश.

"अगो, तुझी चूल हल्ली धरतच नाय," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, दमून येशील, पाणी तापवून ठेवावं."

सावित्रीने हंडा तसाच चुलीत उपडा केला आणि त्याला हाताला धरून अंगणात आणलं. खोकला बसेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"हा धूरच बसलाय तुमच्या छातीत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मीच भरला."

हरिश्चंद्रने न्हाणीतल्या पोत्याकडे पाहिलं.

"तरीच पिशव्या साठवत होतीस," तो म्हणाला. "जाऊ दे. आज माझाही हात लागला. फिट्टंफाट."

तिला रडायचं होतं, पण तेवढीही ताकद उरली नव्हती. मासळीचे हात न धुताच ती त्याच्या शेजारी बसून राहिली.