खुनशी डोळे

पेणजवळच्या हमरापूरला आमचा मूर्तींचा कारखाना. तिथं डोळ्यांची आखणी सासऱ्यांशिवाय कुणी करत नसे. लग्न होऊन आल्यापासून मी शेले आणि साड्यांचे काठ रंगवत होते. यंदा हट्टाला पेटले, आणि रोह्याच्या मंडळाच्या नवरात्रातल्या देवीचे डोळे माझ्या वाट्याला आले. हातात त्रिशूळ, पायाखाली असुर.

मूर्ती न्यायला मंडळाचे म्हातारे अध्यक्ष आले. त्यांनी जोडायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

"डोळे खुनशी हायत. ही नाय न्यायची."

माझं डोकंच फिरलं. "असुराला मारायला निघालेली बाई काय हसत बघेल व्हय?"

"ठेव गो ब्रश," सासरे म्हणाले. "मी आखतो."

तेव्हा ब्रश ठेवला असता तर जन्मभर काठच रंगवत बसले असते. "नाय मामा. मीच आखणार."

अध्यक्ष बाकड्यावर बसले. मी देवीकडे बघत राहिले आणि मला माहेरचं निडी आठवलं. शेजाऱ्यांकडे दोन बैल होते. एक मारका, समोर येईल त्याच्यावर शिंगं उगारायचा. त्याला कुणी खुनशी म्हणत नसे. दुसरा गाईसारखा गरीब. पण गड्यानं एकदा त्याला नाकावर काठीनं बडवलं आणि त्यानं डूख धरला. पोरं पाठीवर बसली तरी हलायचा नाही. गडी अंगणात आला की मात्र रवंथ थांबायचं, नजर त्या एकट्यावर. "ह्यो खुनशी झालाय," असं म्हणून शेजाऱ्यांनी गड्याला गोठ्यात पाठवणं बंद केलं.

माझ्या देवीचं तेच झालं होतं. बुबुळं मी खाली असुरावर खिळवली होती. समोर कोण उभं आहे हे तिच्या गावीही नव्हतं. म्हाताऱ्याचं खरं होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

डोळ्यांवर पांढरा मारला. तो वाळेपर्यंत थांबले. भुवयांतला राग तसाच ठेवला, तो तिचा हक्काचा. बुबुळं उचलून समोर आणली. डाव्या हातानं मनगट धरून दुसरा डोळा पुरा केला.

"या बघायला."

अध्यक्ष समोर उभे राहिले. हात वर गेले, जुळले आणि जुळलेलेच राहिले.

"मारतेय त्याला," ते हळू म्हणाले, "पन बघतेय माझ्याकडं."

सासऱ्यांनी ब्रश परत मागितला नाही.