गावडेकाकांचं गाऱ्हाणं

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. शेजारी गावडेकाकांसारखा माणूस असला की ते आपोआप साठत जातात. सिल्वासात आम्ही सहा तळकोकणी बिऱ्हाडं. मी देवगडची, इथल्या शाळेत शिक्षिका. काका कुडाळकडचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. इथे येऊन त्यांना सत्तावीस वर्षं झाली, पण जीव अजून कुडाळच्या एसटी स्टँडवरच बसलेला!

*

काकांच्या माळ्यावर टीव्ही, मिक्सर, फ्रिज, सगळ्यांची रिकामी खोकी. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "गावाक जाताना सामान भरूक लागतली!"

पुढे फ्रिज मोडीत गेला. नवा आला, त्याचंही खोकं वर गेलं. काकी वैतागल्या. "सामान रवला थोडा आणि खोकीच जास्त झाली. जाताना खोक्यांसाठीच टेम्पो करूचो लागतलो!"

*

दमणहून येणाऱ्या मासेवालीशी काकांचं रोजचं भांडण. बांगडा उचलायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचं, "आमच्याकडच्या बांगड्याची सर नाय हो!" आणि मग मुकाट्याने सहा बांगडे घ्यायचे.

एक दिवस तिने कोयता खाली ठेवला. "काका, तुमच्या गावचा बांगडा इकडे आला ना, तर ते पण तुमच्यासारखा रडतच बसेल!"

*

सिल्वासात दारू मिळते, शेजारच्या गुजरातेत बंदी. त्यामुळे तिथल्या वापीच्या वाटेवर पोलीस पिशव्या तपासतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. काका मात्र वापीच्या पुतणीला सोलकढीसाठी कोकमाचं आगळ द्यायला निघाले, तेही दारूच्या धुतलेल्या बाटलीतून!

पोलिसाने बाटली उजेडात धरली. लालभडक! काकांनी परोपरीने सांगितलं, पण त्याला पटेना. शेवटी त्याने बूच उघडून एक चांगला मोठा घोट घेतला. ते खारट-आंबट आगळ नुसतं कुणी पीत नाही. त्याचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडेनात. मग बाटली परत देत म्हणाला, "काका, इससे अच्छा तो दारू ही पी लो! जाओ!"

*

गणपतीत काकांकडे गाऱ्हाणं असायचं. म्हणजे काकांनी नारळ हातात धरून सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला आम्ही ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन याच्या भारी शौकीन. मालवणीतलं ओ की ठो कळत नाही, पण सगळ्यांत खणखणीत 'व्हय म्हाराजा' त्यांचा!

एकदा गाऱ्हाणं चालू असतानाच काका मान वळवून काकींना म्हणाले, "गो, भात करपता हा, बघ!"

हंसाबेननी हात जोडले. "व्हय म्हाराजा!"

*

यंदा काका रिटायर झाले. माळ्यावरची खोकी खरोखरच खाली आली, भरली आणि खालच्या टेम्पोत चढली. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही सगळे शेवटच्या गाऱ्हाण्याला उभे राहिलो. हंसाबेननी माझा हात धरला. "टीचर, आज मला एक-एक वातचा, एक-एक शब्दचा अर्थ सांगो. आज समजून बोलायचा आहे."

काकांनी नारळ धरला. "बा देवा म्हाराजा, सत्तावीस वर्सां ह्या परक्या मुलखात तू माका सांभाळलंस, म्हाराजा!"

मी हंसाबेनच्या कानात अर्थ सांगितला. आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

"हंयच्या माणसांनी माका घरच्यासारखा वागवल्यानी, तेंचा बरा कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हंसाबेन आता समजून ओरडल्या.

"आता ह्या तुझ्या लेकराक सुखरूप गावाक पोचय..." काकांनी नारळ घट्ट धरला. "आणि परत हंय येवची पाळी हाडू नको, म्हाराजा!"

मी अर्थ सांगितला: परत इथे यायची वेळ आणू नकोस. पुढे माझ्या तोंडून 'व्हय म्हाराजा' फुटेना. माणूस सत्तावीस वर्षं ज्याची वाट बघतोय तेच मागतोय, हे कळत होतं. तरी फुटेना. कुणाच्याच तोंडून फुटेना.

काका नारळ घेऊन मागे वळले. "अरे, म्हणा मरे!"

हंसाबेननी हात जोडले, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षाही मोठ्याने ओरडल्या,

"ना, म्हाराजा!"