जातिवंत करडांची ओळखपरेड

करडांना आपली आई कोण, याची काडीइतकी फिकीर नसते.

फिकीर मला होती. राणीसावरगावात शाळा सांभाळून मी नुकताच शेळीपालक झालो होतो आणि दोन जातिवंत उस्मानाबादी शेळ्या दारात बांधल्या होत्या. त्यांची करडं नोंदवायची, तर कोणतं करडू कोणत्या शेळीचं हे छातीठोकपणे सांगावं लागतं. मग जनावरांचे डॉक्टर कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारतात. बिल्ला नसला तर ते नुसतं काळं करडू!

माझ्या दोन्ही शेळ्या एकाच दिवशी व्याल्या. तीन करडं, तिन्ही काळीकुट्ट. त्याच आठवड्यात शेजारच्या धुरपामावशींची गावठी शेळीही व्याली. तिची दोन. तीही काळीकुट्ट! (आमच्या दोन अंगणांत कुंपण नव्हतं. त्यावरून बायको, शोभा, आधीच बोलली होती. बोलली म्हणजे भांडली होती.)

खूण म्हणून मी करडांच्या गळ्यात लाल-निळ्या चिंध्या बांधल्या. शेळ्यांनी त्या संध्याकाळच्या आत चावून गिळल्या.

"अहो, ही निळी चिंधी कशाची व्हती?" शोभाने विचारलं.

"जुनं कापड होतं काहीतरी."

"जुनं? माझ्या भावानं दिवाळीला दिलेला ब्लाउजपीस हाय तो! हाय कुठला, व्हता!"

त्यानंतर घरात फक्त भांडी बोलत होती. तीही आपटून.

मग मी लेकीची नेलपॉलिश घेतली. एका शेळीच्या करडांची खुरं गुलाबी, दुसरीच्या करडाची लाल. एकदम शास्त्रशुद्ध काम! सकाळी पाहतो तर अंगणात पाच करडं आणि पाचांचीही खुरं रंगलेली!

"मावशी, हे काय केलंत?"

"सुनंला लय आवडलं, गुरुजी. आमच्या करडांनी काय पाप केलं?"

माझं डोकं असं तापलं, की त्यावर भाकरी भाजली असती. आणि नेमके तेव्हाच गंगाखेडहून डॉक्टर आले.

"यातली तुमची कोणती, सर?"

मी करडांकडे इतक्या रागाने पाहिलं, की एखाद्याने तरी घाबरून कबूल करावं. एकही बोललं नाही.

"आईला सोडा. ती हुंगून ओळखेल," डॉक्टर म्हणाले.

धाकटी शेळी सोडली. पाचही करडं तिच्यावर तुटून पडली आणि ती बया निवांत रवंथ करत उभी!

"शेळी आहे का अंगणवाडी!" मी किंचाळलो.

"तिच्यावर कशाला वरडायलात?" मावशी माझ्याहून वरच्या पट्टीत. "ते कोपऱ्यातलं माझं हाय!"

"ते माझं आहे! तुमच्याच्या बापाचा तरी पत्ता आहे का?"

"माझ्या करडाच्या बापाला नावं ठिवायची न्हाईत, सांगून ठिवते!"

"कुंपण घाला म्हनलं तवा कुनी ऐकलं?" शोभा स्वयंपाकघरातून गरजली.

डॉक्टर वैतागले. "एक तरी नक्की सांगा हो! मला अजून गावं करायचीत."

"हे घ्या!" म्हणत मी रागाच्या भरात जवळचं करडू बगलेत आवळलं. डॉक्टरांनी मोबाइलवर नोंद केली, बिल्ला मारायचा चिमटा उघडला. करडाने लाथ झाडली, मी "धरा, धरा!" करत हात पुढे घातला आणि... खट्! बिल्ला माझ्या शर्टाच्या बाहीत आरपार! करडू उडी मारून मावशींच्या घरात पसार!

"काढा आधी हा!" मी बाही ओढत ओरडलो.

"निघत नाही, सर. निघू नये असाच बनवलाय. आणि या नंबरची नोंद वर गेलीसुद्धा."

त्यांनी मोबाइल पुढे केला. शोभा हात पुसत आली आणि मोठ्याने वाचू लागली, "जात उस्मानाबादी. नर. रंग काळा. शिंगे नाहीत."

तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डॉक्टर, बाकी समदं बरोबर हाय. तेवढं शिंगांचं दुरुस्त करा."