धोंड्याच्या ताटातला चारमिनार

केदारखेड्याच्या पुंजारामनं सारी नोकरी एसटीत घातली, जालना-भोकरदन रोडवर, कंडक्टर म्हणून. लोकांची चिल्लर घेता घेता त्याला नाण्यांचा नाद लागला. भोकाचा पैसा, नागमोडी कडेचे दहा पैसे, काय वेगळं दिसेल ते तो पदरचे पैसे भरून बाजूला काढायचा. रिटायर होऊन गावात आला तेव्हा एक लोखंडी पेटी भरली होती. त्याची बायको गोजरबाई त्या पेटीला सवत म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पेटीतली बाकी नाणी एकीकडं आणि निजामाच्या वेळचा चांदीचा रुपया एकीकडं. त्याच्यावर चारमिनार होता आणि चारमिनारच्या दारात उर्दूचं एक अक्षर. हा रुपया साळूबाई नावाच्या म्हातारीनं दिलेला. तिची बाळंतपणात अडलेली लेक गाडीत होती, तर पुंजारामनं मधले सगळे थांबे सोडून गाडी थेट सरकारी दवाखान्याच्या फाटकात न्यायला लावली होती आणि वरून साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पुढं कधीतरी म्हातारी गाडीत चढली, पदराची गाठ सोडून रुपया त्याच्या हातावर ठेवला, 'मोडू नको' म्हणाली आणि आपल्या फाट्यावर उतरून गेली.

हा रुपया त्यानं कधी धुतलासुद्धा नाही. चांदीवर चढलेला काळपट रंग म्हणजे नाण्याचं वय, ते कशाला पुसायचं, असं तो म्हणायचा. एका दिवाळीला गोजरबाईनं घरातली चांदी चिंचेनं घासायला काढली आणि त्यात हा रुपयाही घेतला, तर घासायच्या आधीच तो ओढून घेऊन गडी रागानं जेवलाच नाही. सणाच्या दिवशी ताट तसंच राहिलं.

आता त्याचा व्याही. एकुलती लेक दैवशाला नवीन जालन्यात दिलेली. सासरा कल्याणराव, बियाणाची एजन्सी, नवा बंगला, बोलणं असं की समोरच्याला वाटावं हा आपल्यावर उपकार करून राह्यला. जावई माऊली तसा गरीब स्वभावाचा, पण बापापुढं तोंड उघडत नाही.

धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, काहीतरी चांदीचं वाण द्यायचं, ही आपल्याकडची चाल. गोजरबाईनं चांदीचं निरंजन आणून ठेवलं होतं. जावई-लेकीसोबत व्याहीही आला. बोलता बोलता पुंजारामनं हौसेनं पेटी उघडली. मोर नाचतो तसा माणूस आपल्या हौशीपायी नाचतो, दुसरं काय!

कल्याणरावानं सगळं सोडून नेमका चारमिनार उचलला. अंगठ्यानं घासून पाहिला. लई झकास चीज हाये, म्हणाला. आणि पुंजाराम सवयीनं बोलून गेला, "तुमचंच हाये की, पाव्हणं."

आता हे असं बोलायची आपल्याकडं रीत आहे. वस्तू कुणी वाखाणली की तुमचंच आहे म्हणायचं. म्हणणाऱ्याला ती द्यायची नसते, ऐकणाऱ्याला घ्यायची नसते. दोघं हसतात आणि वस्तू जागच्या जागी राहते. शेंबड्या पोराला कळतं हे. कल्याणरावाला कळत नव्हतं? बिलकुल कळत होतं. पण तो म्हणाला, निरंजनं आमच्याकडं ढिगानं पडलेत, जावयाच्या ताटात हाच ठिवा. आणि स्वतःच्या हातानं रुपया धोंड्याच्या ताटात टाकला.

पुंजारामनं गोजरबाईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. लेक दारात उभी. अशा वेळी नको म्हणायला जी छाती लागते ती त्याच्याजवळ नव्हती. तो हसला. चांगला दात दिसेपर्यंत हसला आणि व्याह्याला अजून एक धोंडा वाढा म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. शेवटी नागपंचमीला लेकीला आणायला निघाला तेव्हा त्यानं पेटीतला इंग्रजी राजाचा रुपया सोबत घेतला. तोही चांदीचाच, दिसायला जास्त झोकदार. हा घ्या आणि तो द्या म्हणायचं, त्यात वाईट वाटण्यासारखं काय? रस्ताभर तो हेच वाक्य मनात घोळवत होता.

बंगल्यात कल्याणराव सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. हातात नव्या गाडीच्या चाव्या, आणि चाव्यांना लटकलेला साळूबाईचा रुपया. चिंच लावून लावून पांढराफटक केलेला, आणि चारमिनारच्या दारातून, बरोबर त्या अक्षरातून, सोनाराकडून आरपार भोक पाडून घेतलेलं. 

कल्याणरावानं चुन्याची डबी काढली. चुना वाळला होता. त्यानं रुपयाच्या कडेनं तो खरवडला, तंबाखूला लावला, कड सोफ्याच्या खोळीला पुसली. मग बोलता बोलता त्याच रुपयानं टाचेच्या भेगेतला मळ कोरायला लागला. शी! आणि त्याच हातानं पाव्हण्याला बिस्किटाची बशी पुढं केली.

"बघा, कसा कामाला आणला," कल्याणराव म्हणाला. "तुमच्या पेटीत नुसता सडून राह्यल्ता."

पुंजारामचा हात खिशातल्या रुपयावर होता. हा बाहेर काढला तर उद्या यालाही भोक पडेल, आणि बदल्यात हातात येईल ते काय, तर टाचेचा मळ लागलेली चकती. ती घेऊन पेटीत ठेवायची? किळस आली त्याला, त्या टाचेची, त्या डबीची, त्या माणसाच्या तंबाखू खाल्लेल्या हसण्याची. त्यानं खिशातून रिकामा हात काढला. बिस्किट घेतलं नाही.

दैवशाला पिशवी घेऊन बाहेर आली. दोघं बसस्टँडकडं निघाले. कोपरा ओलांडला. मग खाली बघत म्हणाली, "आबा, म्या लई सांगितलं, भोक नका पाडू, आबाचा जीव हाये त्याच्यात. तर मामंजी म्हणले, जीव आसता तर तुझा बाप देताना हासला कामून?"

 व्याह्याची किळस कुठल्या कुठं गेली आणि स्वतःचे ते दात पुंजारामच्या डोळ्यांसमोर आले. तो रस्त्याच्या कडेला गेला आणि थुंकला. तोंडातला कडूपणा जाईना म्हणून अजून एकदा थुंकला. स्टँडवर भोकरदनची गाडी लागली होती, लेक जल्दी चला म्हणत होती.