शटर खाली आहे

‘दुकान बंद असेल तर शटर खाली असतं. शटर खाली आहे, म्हणून दुकान बंद आहे. बरोबर की चूक?’ मी आणि बायको लेकीला लॉच्या प्रवेश परीक्षेसाठी अकोल्याहून अमरावतीला नेत होतो, तेव्हा एसटीत लेकीनं विचारलं. मी छातीठोकपणे ‘बरोबर’ म्हणालो.

"बाबा, उन्हाळ्यात आपला किराणावाला शटर ओढून आत विकतच असतो ना!" लेक हसली, बायकोही हसली.

शेजारच्या सीटवरचा माणूस हसला नाही. त्याच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि त्याचं घट्ट बसलेलं झाकण तो पुन्हा पुन्हा दाबत होता. विचारल्यावर कळलं, त्याचा मुलगा गाडीवरून पडून अमरावतीच्या दवाखान्यात बेशुद्ध होता.

"डोळे उघडले तं वाचन, म्हने डॉक्टर. अजून उघडले नाईत. म्हंजे आता वाचत नाई."

नवं शिकलेलं माझ्या पोटात थोडंच राहतं! "भाऊ, उघडले तर वाचेल म्हणाले. नाही उघडले तर वाचणार नाही, असं कुठं म्हणाले?"

त्याचा हात झाकणावर थांबला. "तुमचं बरोबर असन, भाऊ. पन सांगतानी डॉक्टर माह्याकडे पाहत नोता."

माझ्या उत्तरात कुठंच चूक नव्हती. स्टँडवर तो उतरला. बेशुद्ध पोरासाठी आणलेला डबा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

गर्दीत तो दिसेनासा होईपर्यंत बायको पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याचा प्रश्न पेपरातला नव्हता हो. तुम्ही काहून सोडवायले गेले?"