देव्हाऱ्यातलं स्टिल लाइफ

गिरीश टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरला होता. बाहेर फक्त पाय. त्याची आई, कमलक्का, नाकाला पदर लावून त्या पायांना सांगत होती की उंदीर मेलाय तो देवघराकडच्या कोपऱ्यातच. मी रंगांची पेटी घेऊन दारात उभी. केशवापुरातलं एवढं टापटीप घर, आणि वास असा की उंबरा ओलांडवेना.

मला उंदराशी देणंघेणं नव्हतं. मला फूल हवं होतं, आणि ते कुंडीत नव्हतं.

मी रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. नातवंडांची आजी झाले तरी ऑर्डरची चित्रं करते. ही ऑर्डर गिरीशच्या वडलांची, वसंतअण्णांची. कोप्पीकर रोडवरचं कापडदुकान मुलाच्या हाती देऊन अण्णा चमत्कारिक झाडं जमवायला लागले होते. एक हुबेहूब गारगोटीसारखं. अक्कांनी ते एकदा दगड म्हणून अंगणात भिरकावलं होतं. दुसऱ्याला सुरया लटकलेल्या, आत पडलेली माशी ते पचवतं. तिसरं स्टॅपेलिया. जाड हिरवे दांडे, आणि त्याला तळहाताहून मोठं, केसाळ, चांदणीसारखं फूल.

दुकान नवं करायला काढलं होतं. गल्ल्यामागच्या भिंतीवर गिरीशला बर्फाच्या डोंगराचा वॉलपेपर हवा होता. उभा जन्म त्या भिंतीला पाठ लावून बसलो, तिथं आपलं काहीतरी, या झाडांचं चित्र असावं, असं अण्णांचं म्हणणं. शेवटी तोड निघाली. ओपनिंगच्या आत फुलासकट चित्र झालं तर चित्र, नाहीतर डोंगर. नुसते दांडे आणि दगड गिऱ्हाइकाला दाखवायचे नाहीत, ही गिरीशची अट.

स्टिल लाइफ म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंचं चित्र. आधी ब्लॉक-इन करायचं, म्हणजे बारकावे सोडून रंगांचे मोठे ठोकळे मांडायचे. उजेड एकाच बाजूनं घ्यायचा आणि शेवटपर्यंत तोच पाळायचा. कॉलेजात असताना मी याचं फारच मनावर घेतलं होतं. झोळी, मोकळे केस, चेहऱ्यावर जगाचं दुःख. दोन वांगी टेबलावर मांडली आणि आईला त्या खोलीत झाडू मारायला बंदी केली. वांगी सुरकुतली तरी मी रंगवतेच आहे. चित्राला नाव दिलं ‘अस्तित्व’. परीक्षकांनी विचारलं, हे चिकू का?

तर, कुंड्या रंगवून झाल्या होत्या. फुलाची जागा तेवढी कोरी. कळी फुग्यासारखी टरारली, उद्या उमलणार, असा अण्णांचा फोन आला म्हणून मी सकाळीच पोचले. तो हा प्रकार.

अण्णांनी मला बागेत नेऊन मोडलेला देठ दाखवला. मग हळूच सांगितलं की हे फूल पुरतं उमललं की माश्यांना बोलवायला कुजका वास सोडतं. अक्का कुंडीच फेकून देतील म्हणून ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती. आणि अक्का तर आंघोळ करून, उजाडायच्या आत, परडी घेऊन बागेत. जे उमललं ते देवाचं.

आम्ही देवघरात डोकावलो. बाळकृष्णाच्या पायाशी ती थोरली चांदणी, वर हळदकुंकू, भोवती माश्यांची प्रदक्षिणा. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी म्हटलं, “अक्का, वास उंदराचा नाही. या फुलाचा.”

अक्कांनी फुलाकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. “हे तुम्हाला ठाऊक होतं?”

अण्णा पंख्याकडं बघायला लागले.

पलंगाखालून आवाज आला, “मग मी बाहेर येऊ काय?”

फूल तासाभरापुरतं कुंडीवर ठेवू द्या, असं मी विचारून बघितलं.

“अय्य टीचर, देवाला वाहिलेलं परत कुंडीत? संध्याकाळपर्यंत हलायचं नाही ते.”

“आणि वास?”

“देव सोसतोय. तुम्हाला काय झालं?”

अंगावरची धूळ झटकत गिरीशनं उत्साहानं वॉलपेपरवाल्याला फोन लावला. अण्णांचा चेहरा एवढासा झाला. मग मी चित्रासकट ईझलच उचललं आणि देवघरात नेलं. नवी अडचण. चित्रात उजेड उजवीकडून, इथं समई डावीकडं. अक्कांनी विचार करून निकाल दिला: फूल नाही, समई हलवली तर चालेल. शिवाय वासावर उपाय म्हणून मूठभर उदबत्त्या पेटवल्या. आता मोगरा लावून मेलेल्या उंदराचा वास यायला लागला. नाकाशी कापूर धरून, डोळे पुसत, मी ब्रश चालवला. कॉलेजातली ती झोळीवाली असती तर चक्कर येऊन पडली असती, आणि त्यालाही काही नाव दिलं असतं.

कुंकू गाळा, असं अण्णा कानाशी लागले. मी म्हटलं, दिसतं ते रंगवायचं. अक्का मागंच उभ्या होत्या.

ओपनिंगला चित्र भिंतीवर होतं. पहिलीच बाई आली ती चपला काढून, कुंकू लावलेल्या फुलाला हात जोडूनच साड्या बघायला बसली. पाठोपाठ सगळ्याच. आता तिथं घासाघीससुद्धा हळू आवाजात होते, म्हणून गिरीश खूश. झाडाचं नाव कुणीच विचारत नाही, म्हणून अण्णा नाराज.

उजेड कुठून येतो ते आधी बघा, असं मी मुलांना जन्मभर शिकवलं. घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं हेही बघा, एवढं शिकवायचं राहून गेलं.